काळ्यावर पांढरा दोरा

९ फेब्रुवारी

मनी,

पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. चारच ओळी होत्या, पण मिळालं. फोन करू नकोस असं मीच सांगितलं होतं. कानाचं ऑपरेशन होऊनही फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अर्धं मी मनाने जोडते आणि त्यातून आपली भांडणं होतात. त्यापेक्षा कागद बरा. तो पुन्हा पुन्हा वाचता येतो आणि त्याच्यावर ओरडावं लागत नाही.

जाताना दारात तू जे बोललीस ते मी काढत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तुझा लहानपणापासूनचा स्वभाव. बाबांना जाऊन महिना झाला नाही, अशात कोण काय बोललं ते धरून बसायचं नसतं. मी धरून बसलेली नाही. फक्त विसरलेही नाही.

आता कामाचं. कटरकाकांनी एक घाट घातलाय. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, आपल्या दुकानावरच्या टेलर संघाच्या हॉलमध्ये, ह्यांच्या आठवणीसाठी सगळ्यांना बोलावलंय. नुसती भाषणं नकोत म्हणे. जुन्या गिऱ्हाइकांकडून ह्यांनी शिवलेले कपडे मागवायचे आणि भिंतीभर टांगायचे, पहिल्या कोटापासून शेवटच्या कोटापर्यंत. "वहिनी, माणूस गेला, त्याचा हात तरी लोकांना दाखवू," म्हणाले. तुला माहीतच आहे, आयुष्यभर कापड कापून त्यांच्या डोक्यातही कात्रीच चालते, शिवायचं काम दुसऱ्याने करायचं.

तुझ्याकडे दोन कामं. एक, त्या दिवशी वाचायला दोन पानं लिहून दे. तू लिहितेस चांगलं. ह्यांना देवमाणूस वगैरे करू नकोस. देवमाणसाबरोबर इतकी वर्षं काढली असती तर मी कधीच वेडी झाले असते. आपल्या कात्रीने कुणी कागद कापला म्हणून आठवडाभर अबोला धरणारा माणूस होता तो, तसाच लिही. माझ्या वडिलांच्या बटणांच्या दुकानात रोज यायचे आणि एकच बटण घ्यायचे, हे लिही. वडील म्हणायचे, "हा पोरगा टेलर आहे की बटण हरवण्याचा धंदा करतो?" जाड माणसाचं माप घेताना "वजन वाढलं" असं कधी म्हणाले नाहीत, "तुमच्या अंगावर कापड खुलतं" म्हणायचे, हेही लिही. आणि शेवटी लिही की शेवटच्या दिवसापर्यंत त्यांचा हात चुकला नाही. हे मात्र नक्की लिही.

दुसरं काम. कटरकाकांना पत्र घाल की शेवटच्या दोन वर्षांतले कपडे भिंतीवर नकोत. मी सांगितलं तर ते कारण विचारतील. तू सांगितलंस तर मुलीचा हट्ट म्हणून ऐकतील. कारण तूही विचारायचं नाहीस.

खारूताईला पापा. तिच्या शाळेचं कळव.

तुझी आई

*

१८ फेब्रुवारी

आई,

दारात बोलले ते बोलायला नको होतं. पण खोटं कसं म्हणू? मी आले तेव्हा खिडकीपाशी ते मशीन, त्याच्या दाबाखाली अर्धी शिवलेली बाही, तशीच. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं की त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेचं तेवढं दिसतं. अशा माणसाला तू शेवटपर्यंत कामाला कसं बसू दिलंस? मी ऑपरेशन थिएटरात रोज बघते, सर्जनची नजर जरा कमी झाली की तो स्वतः सुरी खाली ठेवतो. बाबांना ठेवायला कुणी सांगितलंच नाही. पैशाची अडचण नव्हती. मग काय होतं? हे मला रात्रंदिवस छळतंय म्हणून बोलले. तुला टोचायला नाही.

पानं लिहायला बसते आणि भलतंच आठवत राहतं. तोंडात टाचण्या धरून बोलायचे ते. बाहेरच्या माणसाला नुसतं हूं हूं ऐकू यायचं, आपल्याला त्यात "दार लाव, चहा ठेव आणि त्या माणसाला सांग कोट उद्या" एवढं सगळं कळायचं. मी नर्सिंगला लागले तेव्हा माझा पहिला युनिफॉर्म त्यांनी दोन मापं मोठा शिवला. "नोकरीत माणूस वाढतो," म्हणाले. मी रडले, मैत्रिणी हसल्या, आणि खारूच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत तोच युनिफॉर्म मला झाला. सगळ्यांना सांगत फिरायचे, "माझी मुलगी माणसं शिवते. तिचं काम अवघड. माझं चुकलं तर उसवता येतं."

आणि ते पांढरे दोरे. शाळेतून आले की माझं कामच होतं ते. कोट पुरा झाला की आतले कच्चे टाके ओढून काढायचे. एकदा मी काळ्या कोटातला काळाच दोरा ओढला आणि बाही हातात आली. मारलं नाही. मला मांडीवर बसवून म्हणाले, "हे बघ, राहायचा तो दोरा कापडाच्या रंगाचा. काढायचा तो पांढरा, म्हणजे काढणाऱ्याला दिसतो. टेलरच्या घरात एवढं कळलं की झालं." मी परवा सलाइनची पट्टी काढताना एका पोराला हेच सांगितलं आणि मग बाहेर जाऊन रडून आले.

काकांना लिहिते. पण आई, कारण विचारू नकोस म्हणालीस तरी विचारतेच. ते शेवटचे कपडे का नकोत? वाईट झालेत का? झाले असतील तर होऊ देत. आंधळ्या होत चाललेल्या माणसाने शिवलेत, लोकांना कळेल की.

मनी

*

२७ फेब्रुवारी

मनी,

तुझं पत्र वाचून मी आधी डब्यात टाकलं. मग म्हटलं, पोरगी आपल्या आईला कसाई समजून बसणार असेल तर त्यापेक्षा सांगून टाकावं. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक. कटरकाकांना नाही, खारूला नाही, कुणाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी त्यांना कामाला बसवलं नाही गं. मी फक्त त्यांना उठा म्हणाले नाही. तू म्हणतेस, सर्जन सुरी खाली ठेवतो. ठेवत असेल. त्याच्यापाशी वाचायला पुस्तकं असतील, फिरायला बाग असेल. ह्यांनी दुकान काकांवर सोपवून काम घरी आणलं ना, तेव्हा पहिल्या आठवड्यात एकदा मशीन बंद होतं. खुर्चीत बसून स्वतःच्या गुडघ्यावरचं कापड चिमटीत धरून ताणून बघत होते, सैल करत होते, पुन्हा ताणत होते. सकाळपासून तेच. मला बघवेना. मीच काकांना निरोप धाडला की थोडं काम पाठवा.

पहिला आला तो एका वकिलाचा काळा कोट. ह्यांनी तो दोन दिवसांत शिवला. मी इस्त्रीला घेतला आणि उलटून बघितला. पाठीची टीप वाट चुकलेल्या माणसासारखी इकडून तिकडे गेलेली. संध्याकाळी काका न्यायला येणार. दुपारी जेवण झाल्यावर हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी म्हटलं, डोळा लागलेला दिसतोय. ब्लेड घेतलं आणि उसवायला बसले. ह्यांची टीप उसवायची म्हणजे नाकी नऊ येतात, तुला ठाऊक आहे. बारीक, गच्च, त्यातून काळ्यावर काळं. माझे डोळेही काही पोरीचे राहिले नाहीत. ब्लेड सटकून कापडात गेलं. ते रफू केलं, मग सगळी पाठ हाताने शिवली. मशीन चालवलं असतं तर जाग आली असती, म्हणून हातटीप. काका आले, ह्यांनी उठून पाठीवरून अंगठा फिरवला, म्हणाले, "ठीक झालाय. न्या." मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

त्यानंतर तोच नेम झाला. सकाळी त्यांनी शिवायचं, दुपारी त्यांनी झोपायचं आणि मी उसवून शिवायचं, संध्याकाळी अंगठा फिरवून त्यांनी काकांच्या हाती द्यायचं. दुसऱ्या कोटापासून तर त्यांना रंगही कळेनासा झाला. काळ्या कापडावर चक्क पांढरा दोरा घालायचे. टीपही सुटली. मशीनचा टाक्याच्या लांबीचा काटा शेवटच्या आकड्यावर, लांबच लांब टाके. एक टोक ओढलं की सरकन सगळी शिवण मोकळी. माझं काम सोपं झालं, पण मनातून फार वाईट वाटायचं. काय हात होता, काय झाला. कधी तोंडाने काही बोलले नाही. म्हटलं, म्हाताऱ्याचा तेवढा एक आनंद आहे, राहू दे.

आता कळलं, भिंतीवर का नको? तिथे सगळे टेलर येणार. टेलर कोट बाहेरून बघतच नाहीत, आधी आतून बघतात. हातटीप दिसली की एका मिनिटात ओळखतील की हे त्याचं काम नव्हे. हात दाखवून अवलक्षण. अख्ख्या संघासमोर त्यांची दोन वर्षं उघडी पडतील.

मला आता एकाच गोष्टीचं समाधान आहे मनी. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आपला हात शाबूत आहे असं समजून ते गेले. बाकी मला कुणी काही म्हणो, तूसुद्धा. एवढं मात्र मी माझ्या हाताने त्यांना दिलं. हे मोडू देऊ नकोस.

आई

*

१२ मार्च

आई,

उत्तराला उशीर झाला. वॉर्डात माणसं कमी आहेत, दुहेरी ड्युटी चालू आहे, त्या रविवारीही रजा मिळत नाही. खरं म्हणजे चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा कागद टाकला.

तुझं पत्र वाचलं. तुझी माफी कशी मागायची ते मला समजत नाही. मी तुला जे बोलले ते, शक्य असतं तर, टाक्याटाक्याने उसवून काढलं असतं. तू दोन वर्षं एकटीने हे केलंस आणि मला पत्रात लिहायचीस, "आमचं छान चाललंय, हे काम करतात, मी आराम करते." आराम! मी तेच खरं धरून बसले. आई आहे ना तिथे, मग काय काळजी, असं म्हणून सुट्ट्या इकडेच काढल्या.

पानं सोबत जोडली आहेत. बटणं आहेत, टाचण्या आहेत, अबोलाही आहे. शेवटी तू म्हणालीस तेच वाक्य घातलंय, शेवटच्या दिवसापर्यंत हात चुकला नाही. काकांनाही लिहिलंय, शेवटच्या दोन वर्षांतलं काही लावू नका.

एकच सांगायचं होतं. खारूच्या निळ्या कोटाबद्दल काका विचारतील. तू ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतीस तेव्हा बाबांनी शिवून परस्पर पाठवला होता तो. तो आम्ही पाठवत नाही. आता तिला तोकडा होतो आणि एका बाजूने विरलाय. तुला दाखवण्यासारखा राहिलेला नाही. त्याचा विषयच काढू नकोस.

तू म्हणतेस ते समाधान तसंच ठेव आई. तुझा त्याच्यावर हक्क आहे. कान कसा आहे? औषध घालतेस ना?

मनी

*

१५ मार्च

प्रिय आजी,

मी खारूताई. मी तुला स्वतः पत्र लिहितेय आणि स्वतः पोस्टात टाकणार आहे. आईला माहीत नाही, कारण आई हल्ली काहीही विचारलं की म्हणते, "नंतर."

कटरआजोबांनी सगळ्यांकडून कपडे मागवलेत ना? मग माझा पण पाहिजे. मी नात आहे. आई म्हणते तो विरलाय. अजिबात विरलेला नाही. फक्त बाह्या थोड्या आखूड झाल्यात, पण आजोबांनी आत माया ठेवली आहे, म्हणजे दुमडलेलं जास्तीचं कापड, ते सोडलं की होईल. एक खिसा वर आणि एक खिसा खाली आहे. शाळेत सगळे हसले होते. मग मी आजोबांना कळवलं होतं तर त्यांनी निरोप पाठवला की वरचा खिसा उजव्या हाताचा आहे आणि माणूस उजव्या हाताने घाई करतो. हे ऐकून कुणीच हसलं नाही.

शिवण वेडीवाकडी आहे, पण खूप पक्की आहे. मी खिसा सरळ करायला एक टाका काढत होते तर सुईसुद्धा आत शिरेना. इतके छोटे छोटे टाके आहेत. आणि दोरा पण बरोब्बर कोटाच्या निळ्या रंगाचा आहे, त्यामुळे दिसतच नाही कुठे शिवलंय.

तुझं मोठं पत्र आलं त्या दिवशी आईने कोट आतून बाहेर केला आणि खिडकीत धरून बसली. जेवायलाही उठली नाही. मग तो कपाटात वरच्या फळीवर, चादरींच्या मागे टाकला. मी स्टूल घेऊन काढला आणि या पत्राबरोबर बांधलाय.

तो मधोमध लाव हं. आणि मला परत पाठव.

तुझी,
खारूताई

*

१७ मार्च

आई,

घाईत लिहितेय. खारूने मला न विचारता तुला पार्सल पाठवलंय, आज कबूल केलं. आलं असेल तर उघडू नकोस. कटरकाकांकडे तसंच बंद दे, नाही तर सरळ परत पाठव. कारण आता मी सांगणार नाही आणि तू विचारायचं नाहीस. एवढं ऐक माझं.

मनी

*

२ एप्रिल

मनी,

तुझी चिठ्ठी पार्सलच्या दुसऱ्या दिवशी आली. तोवर मी तो कोट रात्रभर उशाशी घेऊन झोपले होते. म्हणजे झोपले नव्हते.

लपवायला तू चांगली शिकलीस. शिकणारच म्हणा, या घरात दुसरं काय चाललं होतं! पण टेलरच्या घरात तू वाढलीस तशी मीही त्याच घरात म्हातारी झाले. खारूच्या पत्रातला निळा दोरा वाचला, अस्तर उचललं, आणि झालं. वेडीवाकडी शिवण, पण टाका ह्यांचा. तोच, बारीक, गच्च. निळ्यावर निळा. मी घरात नव्हते, दुपारी उसवायला कुणी नव्हतं, म्हणून टिकायचं म्हणून शिवलेला. ज्याला निळ्यावर निळा दोरा निवडता येतो त्याला काळं-पांढरं कळत नाही होय? तुला त्यांनी मांडीवर बसवून सांगितलेलं, काढायचा तो पांढरा म्हणजे काढणाऱ्याला दिसतो. तू मला ते पत्रात लिहिलंस आणि मी वाचून डोळे पुसले. माझ्या टाळक्यात शिरलं नाही. शिरायचं तरी कसं? मी तर त्यांच्या आंधळेपणावर विसंबून बसले होते ना.

पहिल्या कोटाला काळा दोरा होता. माझं ब्लेड कापडात गेलं. ते रफू त्यांच्या अंगठ्याला लागलं असणार. दुसऱ्या कोटापासून पांढरा. मनी, मी पुन्हा पुन्हा हिशेब करून बघितला, दुसरं काही निघतच नाही. सकाळभर बसून तो माणूस माझ्यासाठी कच्चं घालत होता, म्हणजे दुपारी माझे डोळे शिणायला नकोत. आणि आयुष्यभर म्हणायचे, दुपारी झोपतो तो टेलर नव्हे. म्हातारपणी लागली झोप, असं मी समजले. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?

मला आधी राग आला. इतका राग आला की त्यांचा चष्मा मी खणात फेकला. दोन वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. मी मूर्खासारखी पाय न वाजवता वावरायचे, कात्री खाली ठेवताना पदरात ठेवायचे, खोकला आला तर तोंडात बोळा धरायचे, आणि हे तिथे भिंतीकडे तोंड करून जागे. मला वाटत होतं मी त्यांना काही देतेय. तू म्हणालीस ते समाधान तसंच ठेव. ते आता नाही राहिलं. तू लपवलंस ते त्याचसाठी, हे मला कळतं. तुझ्यावर रागावलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. कटरकाकांना म्हटलं, "पांढऱ्या दोऱ्याची रिळं घरी कोण पाठवत होतं?"

"मीच. तो मागायचा," म्हणाले.

"का, असं कधी विचारलंत?"

"विचारलं होतं वहिनी. म्हणाला, घरात आता काळ्यावर काळं दिसत नाही. मला वाटलं स्वतःचं सांगतोय." मग कात्री खाली ठेवून म्हणाले, "शिवण तुमची आहे हे मला पहिल्याच कोटाला कळलं होतं. तो बोलला नाही, तुम्ही बोलला नाहीत. मग मी कोण बोलणार?"

म्हणजे काकांनाही ठाऊक. वकिलाने अस्तर उचलून बघितलं असेल तर त्यालाही. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

मी काकांना सांगितलं, शेवटच्या दोन वर्षांतले सगळे मागवा आणि आतली बाजू बाहेर करून टांगा. खारूचा मधोमध. तुझी पानं संघाच्या सेक्रेटरीने वाचली. छान लिहिलीस. बटणांच्या गोष्टीला हॉल हसला, मीही हसले. शेवटच्या वाक्यापाशी तो आला तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, हे वाचू नका, हे मी सांगून लिहून घेतलंय. त्यांचा हात चुकत होता. त्या भिंतीवरचे कोट दोघांनी शिवलेत. कुणी काय केलं ते आतून दिसेल, बघा.

सगळे उठून भिंतीपाशी गेले. चष्मे कपाळावर चढवून, वाकून, शिवणीवर अंगठे फिरवत. मग संघातला सगळ्यात म्हातारा टेलर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वहिनी, नशीब काढलंत. असा संसार आम्ही पाहिला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघी-तिघी रडल्या. खारूच्या कोटापुढे तर रांग लागली होती. तिला सांग, त्या वरच्या खिशाचं कारण मी सगळ्यांना सांगितलं.

पण मनी, तुला म्हणून सांगते, मला ते नशीब वगैरे काही पटलं नाही. घरी आले, कुलूप काढलं, खोलीत गेले. खाट आणि माझी खुर्ची यांत किती अंतर आहे तुला माहीत आहे. हात लांब केला तर लागेल. तिथे आम्ही दोघं दोन वर्षं रोज दुपारी बसलो, एकमेकांना जपत, श्वाससुद्धा चोरून. बटणांच्या गप्पा मारता आल्या असत्या. त्यांनी तोंडात टाचण्या धरून मला चार शिव्या दिल्या असत्या, हातटीप अशी घालतात का म्हणून. तुझी पत्रं मोठ्याने वाचता आली असती. तेवढ्या दुपारी होत्या आमच्याकडे, आणि आम्ही त्या एकमेकांना फसवण्यात घालवल्या. प्रेमच होतं, मला काय कळत नाही? पण त्या दुपारी गेल्या त्या गेल्या.

मला काही नको होतं गं. एकदा नुसतं म्हणायला हवं होतं, अहो, जागे आहात ना, मग उठा आणि हे टोक धरा जरा. ते उठून बसले असते.

तुझी आई